मामाजींची बंदूक अटकते

जगातली कुठलीही वस्तू बिघडत नसते, तिचं फक्त काहीतरी दुखत असतं आणि ते तिला कोणी विचारलेलं नसतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि दैवयोगानं तो माझा सासरा निघाला. आमच्याकडे, म्हणजे नागपूरपासून थेट वैनगंगेच्या पलीकडपर्यंत, सासऱ्याला मामाजी म्हणतात. त्यामुळं मीही त्यांना मामाजीच म्हणायचो, आणि ते मला 'जवाईबापू' म्हणायचे. मी नागपुरात एका शाळेत भूगोल शिकवत असे. लग्न झालं तेव्हा मला भंडारा जिल्ह्यातले तलाव नकाशावर पाठ होते, पण त्यांतल्या एकाच्याही पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, बसलो नव्हतो. ती उणीव मामाजींनी भरून काढली. कोंढ्याहून आत वळलं की एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, मधे तलाव आणि पलीकडे जंगल असं त्यांचं गाव होतं. दिवाळीला आणि उन्हाळ्यात आमचा मुक्काम तिथं ठरलेला.

पहिल्याच दिवाळीला मी पाहिलं की घरातला रेडिओ नुसता सुरू करून लागत नाही. त्याच्या पाठीवर कोणीतरी हात ठेवावा लागतो. दुसऱ्या कोणी असा रेडिओ दुरुस्तीला तरी दिला असता किंवा फेकून तरी. मामाजी बातम्या संपेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून शांत बसायचे, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी म्हटलं, "मामाजी, याची एखादी तार सुटली असेल." ते म्हणाले, "सुटली असन. पर मले वाटते त्याले एकटं एकटं वाटून राह्यलं." त्यांच्या सायकलची साखळी चढावर निसटायची, तेव्हा ते शिवी देत नसत. खाली उतरून म्हणायचे, "बरं बाप्पा, चाल, मीच पायी येतो." एकदा आम्ही पवनीहून भंडाऱ्याला जात असताना अड्याळच्या पुढं एस्टी बंद पडली. ड्रायव्हर हापसून हापसून थकला, माणसं उतरून कंपनीपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करू लागली. मामाजी पुढं गेले आणि अगदी नम्रपणे विचारते झाले, "सकाळपासून पानी पाजलं काय हो तिले?" ड्रायव्हर चिडला. "मले शिकवता काय?" म्हणत त्यानं झाकण उघडलं, तर आत ठणठणाट. पुढं भंडाऱ्यापर्यंत तो मामाजींशी बोलला नाही, आणि मामाजींनी उतरताना गाडीच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं.

असा माणूस वस्तूंवर रागावत नाही, हे ओघानं आलं. पण तो माणसांवरही रागावत नसे. सासूबाईंची आयुष्यभराची तक्रार हीच. "ह्या मानसानं माह्यासंगं एक भांडन पुरं केलं नाही," त्या मला सांगायच्या. "सुरू करते न अर्ध्यात हासते. मंग मी एकटीनं कितीक भांडू?" माझी बायको सांगते की लहानपणी तिनं बाबांचा हात उगारलेला पुष्कळ वेळा पाहिला, पाठीवर पडलेला कधी पाहिला नाही. तो हवेतच थांबायचा. मग त्या हाताचं आता काय करावं हे न सुचून बाबा तो स्वतःच्या डोक्यावरून फिरवायचे. त्यांना टक्कल का पडलं याचं आमच्या घरातलं स्पष्टीकरण हेच आहे.

या अशा माणसाकडे बंदूक असावी ही दैवाची एक चेष्टाच होती. पलीकडच्या गावच्या जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, ती कधीकाळी कुठल्याशा परदेशी साहेबाकडून घेतली होती. मालगुजारी गेली, म्हातारपण आलं, तेव्हा बंदूक विश्वासू माणसाकडे जावी म्हणून त्यांनी ती मामाजींच्या गळ्यात घातली. मामाजींनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढला आणि ती घरी आणली. आसपास ज्या चार-दोन बंदुका होत्या त्या एकनळी नाहीतर दुनळी, मोडून काडतूस घालायच्या. ही त्यांच्यातली नव्हती. ही पंपाची बंदूक. नळीखाली एक सरकता लाकडी दस्ता होता. बार काढला की तो दस्ता मागं ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर उडतं. मग पुढं ढकलायचा, नवं काडतूस आत जातं. असे एकामागून एक बार काढता यायचे. म्हणजे यायला हवे होते. मामाजींच्या हातात ती एक बार काढायची आणि अटकायची. रिकामं काडतूस अर्धं बाहेर, अर्धं आत, आणि दस्ता ना मागं ना पुढं.

धान लोंबीला आलं की संध्याकाळच्या उजेडात रानडुकरांचा कळप जंगलातून उतरायचा. डुकरं मारण्याशी मामाजींना काही देणंघेणं नव्हतं. ती पळाली की झालं. ते बांधावर उभे राहून आभाळाकडे एक बार काढायचे. कळप धूम पळायचा. आणि मामाजी दस्ता ओढायचे. मग 'खट्' असा एक अर्धवट आवाज यायचा. तो आवाज पुढं साऱ्या गावाला ओळखू येऊ लागला, आणि लोक म्हणतात त्यावर विश्वास ठेवायचा तर डुकरांनाही. ती जंगलाच्या कडेपर्यंत जाऊन थांबायची, 'खट्' ऐकायची आणि निवांत परत फिरायची. तोवर मामाजी बांधावर मांडी घालून बसलेले असायचे. नळीचं तोंड तलावाकडे, बंदूक मांडीवर, मान खाली. "हं, सांग बाई," ते तिला विचारायचे, "कुठी अटकून राह्यलं?" दहा पावलांवर डुकरं धान खात असायची.

बंदूक का अटकते, या प्रश्नानं मामाजींची काही वर्षं फार सुखात गेली. बिघाड दूर व्हावा यापेक्षा तो समजावा ही त्यांना ओढ होती. त्यामुळं जो भेटेल त्याला ते विचारत, आणि प्रत्येकजण आपापल्या धंद्याप्रमाणे निदान करी. गावोगावचे लोक मामाजींना पाटील म्हणत. पवनीचे डॉक्टर म्हणाले, "पाटील, हा सरळ बद्धकोष्ठाचा प्रकार आहे." डॉक्टर थट्टेनं बोलले होते, पण मामाजींनी घरी येऊन बंदुकीला एरंडेल पाजलं. त्यानं आत जो चिकटा धरला, तो पुढं चांगलाच महागात पडला. शिंप्यानं मशीनचं तेल सुचवलं. भजनी मंडळातल्या पेटीवाल्यानं कान लावून ऐकलं आणि भाता फाटल्याचं सांगितलं. घरच्या गड्याचं मत असं पडलं, की मालगुजाराच्या हातची सवय आहे, ती शेतकऱ्याला जुमानत नाही. मामाजी सगळ्यांचं ऐकून घेत, मान डोलवत आणि म्हणत, "असू शकते, असू शकते." कोणाचंही निदान त्यांनी खोटं ठरवलं नाही. एखाद्या आजारी माणसाला भेटायला लोक येतात, तसे लोक बंदुकीसाठी येत आणि ओसरीवर चहा घेऊन जात.

शेवटी मीच हट्ट धरला आणि आम्ही तिला नागपूरला न्यायचं ठरवलं. परवाना खिशात आणि बंदूक सासूबाईंच्या जुन्या वाकळेत, अशी ती एस्टीत चढली. मामाजी तिला खिडकीजवळ धरून बसले. शेजारच्या म्हातारीनं वाकळेवर पाठ टेकली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आजी, तिकडून नोका टेकू, बरं नाही तिले." म्हातारी घाबरून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली आणि उतरेपर्यंत तोंडाला पदर लावून होती. नागपूरच्या दुकानदारानं बंदूक खोलली, वास घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. "इसमें क्या डाला है?" मी खाली पाहिलं. मामाजींनी अभिमानानं सांगितलं, "एरंडेल." दुकानदारानं ती घासली, धुतली, पुसली. तुमची काडतुसंही ओल लागून फुगली आहेत, ती धानाच्या कोठीत ठेवत जाऊ नका, असं बजावलं. मग परसात नेऊन त्यानं दोन बार काढले. दस्ता सटासट मागंपुढं झाला, दोन्ही रिकामी काडतुसं उडून पायाशी पडली. मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं बंदूक मामाजींच्या हातात दिली. मामाजींनी एक बार काढला, दस्ता ओढला. खट्.

दुकानदार म्हणाला, "मेरे हाथ में तो चलती है, साहब," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या संध्याकाळी आमच्या नागपूरच्या घरी मामाजी रिकामी बंदूक मांडीवर घेऊन बसले होते आणि पुन्हा पुन्हा दस्ता ओढून पाहत होते. माझी बायको भाजी निवडत समोर बसली होती. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तुमी अर्ध्यातच थांबता."

"मंजे?"

"मंजे मांगं ओढता न मधातच हात ढिला सोडता. पुरा ओढा ना."

मामाजींनी दस्त्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. एखाद्याची चोरी पकडली जावी तसं हसून म्हणाले, "झटका कायले द्याचा, बाई? लागते तिले."

बायकोनं भाजी बाजूला ठेवली. "लोखंड हाय ते, बाबा. त्याले लागत नाही. अर्धा ओढला तंच लागते त्याले."

हे वाक्य मात्र त्यांना पटलं. अर्धवट ओढल्यानं बंदुकीला त्रास होतो, हा विचार त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. त्या उन्हाळ्यात गावच्या अंगणात रोज सकाळी कवायत सुरू झाली. लेक ओसरीवर उभी राहून हुकूम सोडायची, "पुरा!" आणि अंगणात तिचा बाप रिकाम्या बंदुकीचा दस्ता दात ओठ खाऊन मागं ओढायचा. आधी आधी ते दर वेळी ओढून झाल्यावर नळीवरून हात फिरवायचे. लेकीनं तेही बंद केलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे माह्या लग्नात झालं असतं तं एकतरी भांडन पुरं झालं असतं."

दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा धान पिवळं झालं होतं. संध्याकाळी अर्धं गाव बांधावर जमलं. कळप उतरला. मामाजींनी एक बार काढला, कळप जंगलाच्या कडेला जाऊन सवयीनं थांबला. खट् आलंच नाही. दस्ता पुरा मागं गेला, पुरा पुढं आला, आणि दुसरा बार निघाला. डुकरांचा त्या क्षणी जो विश्वासघात झाला तसा माणसांचाही क्वचितच होत असेल. ती जी पळाली ती त्या हंगामात पुन्हा आमच्या बांधीत उतरली नाहीत. पोरांनी नाच केला, कोणीतरी गुलाल आणला, आणि शेजारच्या दशरथनं तर मामाजींना उचलूनच घेतलं. दशरथ म्हणजे मामाजींचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी, अंगानं पहाड, बोलण्यात तिखट आणि मामाजींवर जीव टाकणारा. "आता पाटील खरे बंदूकवाले झाले!" तो ओरडत होता. मामाजी हसत होते. पण घरी आल्यावर बंदूक खुंटीला लावून ते जरा उदास बसले. मी विचारलं तर म्हणाले, "काई नाही जवाईबापू. चांगलंच झालं. पर आता तिले इचारायले काई राह्यलं नाही."

त्यानंतरच्या चैत्रात जे झालं ते हसत सांगण्यासारखं नाही.

मोहफुलांचे दिवस होते. मोहाची फुलं पहाटे गळतात, म्हणून उजाडता उजाडता बाया टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला जातात. अस्वलांनाही मोह आवडतो, आणि तीही त्याच वेळी येतात. त्या वर्षी पलीकडच्या गावात अस्वलानं एका माणसाचा चेहरा फाडला होता. बायांना भीती वाटू लागली, पण मोह सोडून चालणार नव्हतं. त्या मामाजींकडे आल्या. त्यांच्यात दशरथची बायको सकू पुढं होती. "पाटील, तुमी फकस्त उभे राहा. तुमची बंदूक तं आता चालते," ती म्हणाली. मामाजी रोज जाऊ लागले. रामनवमीला जोडून मला सुट्टी मिळाली होती, म्हणून त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर होतो.

चांगलं उजाडलं होतं. झाडांखाली पिवळट फुलांचा सडा, त्याचा तो गोड, जड वास. बाया वाकून वेचत होत्या, बोलत होत्या. सकू जरा पुढं, एका वारुळाजवळच्या झाडाखाली होती. वारुळामागून अस्वल कधी उठलं ते कोणी पाहिलं नाही. सकूची किंकाळी ऐकू आली तेव्हा ती पडलेली होती, खांद्यावर रक्त, आणि ते काळं धूड तिच्यावर वाकलेलं. मामाजी धावले. त्या वयात त्यांना मी तसं धावताना कधी पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन त्यांनी वर एक बार काढला. अस्वल सकूला सोडून मागं सरकलं, आणि मामाजी त्या दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले. अस्वल त्यांच्यासमोर मागच्या पायांवर उठलं. किंकाळी ऐकून दशरथ आमच्या मागून कुऱ्हाड घेऊन धावत येत होता. "मारा, पाटील! मारा!" तो ओरडत होता, सगळ्या बाया ओरडत होत्या.

मामाजींनी दस्ता ओढला. मी तो आवाज ओळखला. खट्.

बंदूक छातीशी धरलेला तो लहानखुरा माणूस आणि त्याच्यासमोर उभं असलेलं जनावर, एवढंच मला दिसत होतं. मामाजी मागं सरले नाहीत. त्यांनी बंदूक उगारलीही नाही. ते अस्वलाशी काहीतरी बोलत होते, खालच्या आवाजात. शब्द मला ऐकू आले नाहीत. अस्वल फुसफुसलं, पुढचे पाय टेकून खाली आलं, क्षणभर तसंच थांबलं आणि मग वळून जंगलाकडे निघालं. ते वळलं तेव्हा आम्हांला दिसलं. त्याच्या पाठीवरच्या लांब केसांत दोन पिल्लं घट्ट धरून बसली होती.

सकूला खाटेवर घालून कोंढ्याला आणि तिथून पवनीला नेलं. खांद्याची जखम खोल होती, पण ती वाचली. मामाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले, घरी यायलाच तयार नव्हते. गावात बंदूक पुन्हा अटकल्याची बातमी पसरली आणि लोक हळहळले. बरेचजण त्यांना शूरही म्हणाले. दशरथ मात्र व्हरांड्यात त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बंदूक दिवाळीत चालली, न आजच काहून अटकली, पाटील?" दशरथनं थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर बसलो होतो. पाण्यावर बदकं उतरली होती. मामाजी त्यांच्याकडे पाहत होते.

"दशरथले समजलं," ते म्हणाले.

"काय समजलं?"

"बंदूक अटकली नाही, जवाईबापू. ओढता ओढता तिच्या खांद्यामांगून एक इवलुसं थुतर दिसलं. पिल्लाचं. न माहा हात थांबला." त्यांनी तो हात उघडून पाहिला. "मी थांबवला नाही. थांबला."

मी म्हटलं, "मग चांगलंच झालं ना, मामाजी. सकू वाचली, अस्वलही गेलं."

"गेली म्हून चांगलं झालं. नसती गेली तं?" ते म्हणाले. "सकूची दोन लेकरं घरी हायत. ते मले काहून नाही दिसले त्या वेळी? अस्वलीचे दिसले, न माह्या गावच्या बाईचे नाही दिसले. रातभर इचार करून राह्यलो. दशरथच्या जागी मी असतो तं मले बी राग आला असता."

मी भूगोलाचा मास्तर. मी एवढंच विचारलं, "तुम्ही तिला काय सांगत होतात?"

"काय सांगू? म्हटलं, जा बाई घरी. माहं भेव सोड न जा. मी काई करत नाही." मग ते म्हणाले, "भेव तिच्याइतलंच मले बी व्हतं."

सकू बरी होऊन घरी आल्यावर मामाजी तिच्या दारात गेले आणि जे मला सांगितलं ते त्यांनी तिलाही सांगितलं. मी बरोबर होतो. तिनं ऐकून घेतलं. खांदा अजून बांधलेला होता. ती म्हणाली, "मले पयलेच दिसले व्हते ते पिल्लं, पाटील. मी खाली पडली ना, तवाच दिसले. म्हून तं मी 'मारा' म्हटलं नाही." आणि आत वळून तिनं त्यांच्यासाठी चहा ठेवला. पण दशरथ अंगणातच होता. त्यानंही सगळं ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्यानं मामाजींशी बोलणं सोडलं.

मामाजींनी बंदूक ठाण्यात नेऊन जमा केली. सासूबाईंना वाटलं होतं की आता त्यांना करमणार नाही. पण त्यांना दुसराच तपास लागला होता. दशरथ का बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तो कसा बोलेल हे शोधायचं होतं. रोज सकाळी बांधावर ते म्हणायचे, "राम राम दशरथ." दशरथ आपल्या बैलाला उत्तर द्यायचा, "चाल रे, उशीर झाला." तलावाचं पाणी कोणी आधी घ्यायचं हे पूर्वी दोघं एका वाक्यात ठरवायचे. आता दशरथ सकूला सांगे, सकू सासूबाईंना सांगे, सासूबाई मामाजींना सांगत, आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं जाई. कधीकधी दोघं एकाच बांधाच्या दोन टोकांना उभे असत आणि पाण्याचा निरोप या चौघांमधून फिरून येई. पाणी मात्र कधी चुकलं नाही. मामाजींच्या घरचं रोवणं, म्हणजे धानाची लावणी, असलं की दशरथ न बोलावता यायचा, दिवसभर चिखलात राबायचा आणि कोणाकडे न बघता निघून जायचा. मामाजी त्याच्या घरी पहिले आंबे पाठवायचे. दशरथ ते खायचा आणि कोयी मात्र आमच्या बाजूच्या बांधावर टाकायचा. त्यांतून आलेलं एक झाड मामाजींनी तिथंच राखलं. मी एकदा म्हटलं, "जाऊ द्या ना मामाजी, किती वर्षं झाली." ते म्हणाले, "नाही जवाईबापू. त्याचा राग खरा हाय. खऱ्या रागाले घाई करू नाई."

ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या काही वर्षांत मामाजी थकले. त्यांच्या मुलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, शेती बघायला घेतली. दिवाळीला आम्ही गेलो की ते ओसरीवर उन्हात बसलेले असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या गुडघ्याबद्दल, गाईबद्दल, पंपाबद्दल, मुलीच्या परीक्षेबद्दल सावकाश विचारायचे. उत्तर मिळालं की तेवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

ते गेले तेव्हा धानाची कापणी सुरू होती. खबर मिळून आम्ही नागपूरहून पोचलो तोवर लोक खळी सोडून आले होते, काहींच्या हातात अजून विळे होते. तिरडी उचलायची वेळ आली आणि मुलांच्या आधी दशरथ पुढं झाला. त्याचंही वय झालं होतं, डोकं सगळं पांढरं. पुढचा उजवा खांदा त्यानं धरला. घाट तलावाच्या पलीकडे, वाट लांब. पाळीवर माणसं खांदा बदलायला पुढं येत होती. दशरथनं कोणाला बदलू दिलं नाही.

सगळं आटोपल्यावर लोक पाण्यात उतरून हातपाय धुऊ लागले. दशरथ पाळीवर एकटाच बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "त्यांना तुमची फार आठवण यायची, दशरथभाऊ."

"मले ठाव हाय," तो म्हणाला. तो पाण्याकडेच पाहत होता. "लय चांगला मानूस व्हता. पर माहा राग अजूनबी गेला नाही, मास्तर."

त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"आता सांगा," तो म्हणाला, "कोनावर धरावा थो राग?"